जमारीची टाच

टोलेडो, ओहायो
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४

प्रिय हॉलिसदादा,

तुझी खुशाली विचारायचा हक्क मी गमावला आहे, तरी विचारतो. गुडघे कसे आहेत? वाल्डोस्टाच्या उकाड्यात दुखणं कमी असेल ना?

पत्ता लोरेनवहिनींकडून घेतला. त्या आधी म्हणाल्या, "आता सात वर्षांनी कशाला?" मी म्हटलं, पत्र लिहायचंय. "फोन कर की." म्हटलं, फोनवर दादा 'हं' म्हणेल आणि ठेवून देईल. त्या हसल्या, म्हणजे माझं चुकलं नव्हतं.

इकडे सगळे ठीक. योलांडाची दंतवैद्याकडची नोकरी चालू आहे. नाया पहिलीत गेली, पुढचे दोन दात पडलेत आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते. सरोवरावरचा तो वारा सुरू झालाय, ज्याला तू रोज सकाळी शिव्या घालायचास. मंगळवार सुट्टीचा, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय. अक्षराकडे दुर्लक्ष कर. उजव्या हाताची करंगळी आता सरळ होत नाही.

तू टीव्हीवर आमचे फुटबॉलचे सामने बघतोस की नाही, ठाऊक नाही. गेल्या आख्ख्या मोसमात आम्ही चार सामने जिंकलो होतो. यंदा सहापैकी पाच. कारण एकच आहे आणि ते एकवीस वर्षांचं आहे. जमारी व्हिटलो. लुइझियानातल्या एका खेड्यातला, मांड्या ओंडक्यासारख्या, तोंडानं वाचाळ. मी तिशीचा झालो म्हणून मला 'आजोबा' म्हणतो. "आजोबा, सरका जरा, तरुण माणसाला आरसा बघू द्या." सगळे हसतात. मीही हसतो, कारण आठ वर्षांपूर्वी तुला 'म्युझियम' कोण म्हणायचं, ते मला आठवतं.

एक नवखा पळणारा आला की संघाचं काय होतं, हे तुला काय सांगू! तुझ्याच डोक्यावर पाय देऊन ते झालं होतं. पण बाजूला उभं राहून पाहिल्यावर जास्त कळतं. चेंडू त्याच्या हातात दिला की समोरचे धास्तावतात, त्याला अडवायला मागचा एक माणूस पुढे आणतात. मग मागे मैदान मोकळं पडतं आणि आमच्या निक हॅलोरनला चेंडू फेकणं सोपं जातं. निकला वाटतं, आपण पुन्हा पंचविशीत आलो. आघाडीचे आपले पाच धिप्पाड गडी पूर्वी कण्हत उठायचे, ते आता जमारीला जमिनीवरून उचलायला धावतात. आपला बचाव अर्धा वेळ बाकावर बसून पाणी पितो, म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत ताजा असतो. एका पोराच्या दोन पायांवर बावन्न माणसं तरुण झाली आहेत. त्रेपन्नावा मी, माझं मात्र उलट झालंय.

पुढे सरकायच्या चार संधींपैकी माझ्याकडे आता फक्त तिसरी, तिसरं डाउन, उरलीय. तिकडच्या शाळेच्या संघाला शिकवताना तू पोरांना सांगत असशील ते मी जमारीला तुझ्याच शब्दांत सांगितलं: "पळणं आईच्या पोटातून येतं, चेंडू फेकणाऱ्याला वाचवणं शिकावं लागतं." तिसऱ्या डाउनला, निक चेंडू फेकणार असतो तेव्हा, आम्ही पळायचं नाही, त्याच्यापुढे उभं राहायचं आणि जो अंगावर येईल त्याला छातीवर झेलायचं. जमारीला ते अजून नीट जमत नाही. म्हणून तेवढ्यापुरता मी आत जातो. एका सामन्यात दहा-बारा वेळा. ज्या दिवशी त्याला ते जमेल, त्या दिवशी माझं इथलं काम संपेल. हे मला माहीत आहे, कोच बर्डिनना माहीत आहे, आणि त्यांनीच मला त्याला शिकवायला बसवलं आहे. आहे ना गंमत?

मी त्याला सगळं शिकवलं आहे. (या वाक्यात 'जवळजवळ' असा शब्द होता, तो मी खोडला.)

एक विचारू? माझ्या पहिल्या वर्षी, पाचव्या सामन्यानंतर, जेवणघरात तू माझ्यासमोर ताट ठेवलंस आणि म्हणालास, "चेंडू तुला मिळणार असला की तू उजवा हात पँटला पुसतोस. आख्ख्या लीगला कळतं." मी हात पुसणं सोडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तुला काढलं. ते सांगताना तुला काय वाटत होतं? सहज विचारतोय.

तुझा (असं लिहिलं तर चालेल ना?)
लमॉन्ट


टोलेडो
मंगळवार, २८ ऑक्टोबर

प्रिय हॉलिसदादा,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी वाट बघत होतो असंही नाही. खोटं. रोज पेटी उघडून बघतो. योलांडा म्हणते, "कुणाचं प्रेमपत्र यायचंय का?"

नाया घोकत असते, तिला शाळेच्या नाटकात भोपळा केलंय. इथं परवा पहिला बर्फ भुरभुरला. गॅरेजचं दार पुन्हा अडकायला लागलंय. रविवारचं तू बघितलंच असशील, नाहीतर कुणीतरी सांगितलं असेल. निकचं डाव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलं. मोसम संपला त्याचा.

आता गॅरेजच्या दारावर आणखी किती लिहू?

लुईव्हिलविरुद्ध आम्ही चार गुणांनी मागे होतो, वेळ थोडा होता, निक घाईनं खेळवत होता. तिसरं डाउन आलं आणि मला आत पाठवायला उसंत नव्हती. जमारी तिथेच राहिला. त्यांच्या बचावातला लाइनबॅकर, तो तांबड्या दाढीचा, त्याच्या पायाकडे बघत होता. डोळ्यांत नाही, छातीकडे नाही, पायाकडे. मी कडेला उभा होतो आणि मला कळलं की याला कळलंय. ओरडायला तोंड उघडलं, पण ऐंशी हजारांच्या गोंगाटात माझं काय ऐकू जाणार? जमारी उजवीकडे गेला. दाढीवाला डावीकडून आला. निकला तो दिसलाच नाही.

दादा, जमारीच्या डाव्या पायाची टाच. निकला वाचवायचं असलं की ती टाच खाली टेकते आणि चवडा ज्या बाजूला तो जाणार, त्या बाजूला वळतो. इतकुसा. दाराला फट पडावी तेवढा. तो कुठे जाणार हे ज्याला कळलं, त्यानं दुसऱ्या बाजूनं यायचं, झालं.

हे मला रविवारी नाही कळलं. ऑगस्टमध्ये कळलं होतं. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात, टेकडीकडच्या मैदानावर, भर दुपारी. मी मनात म्हटलं, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आधी त्याला बाकीचं येऊ दे. मग म्हटलं, कदाचित आपोआप जाईल. माणूस स्वतःला किती सभ्यपणे फसवतो बघ.

आणि नुसता गप्प बसलो असंही नाही. सप्टेंबरात बर्डिननी चित्रफीत थांबवून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "प्रुइट, तू जवळून बघतोस. पोराच्या उभं राहण्यात काही खोट?" मी म्हणालो, "नाही कोच. स्वच्छ आहे." हे मी पहिल्यांदा कुणाला सांगतोय. योलांडालाही सांगितलेलं नाही.

गावानं आता त्याला फाडून खाल्लंय. पाच आठवडे ज्याच्या नावाचे शर्ट घालून पोरं शाळेत जात होती, त्याच्या गाडीवर कुणीतरी अंडी फेकली. रेडिओवर एक जण म्हणतो, "पळायला पाय दिलेत, डोकं द्यायला देव विसरला." बर्डिननी ठरवलंय की आता निकच्या जागी आलेल्या ग्रेडीपुढे त्याला उभं करायचं नाही. म्हणजे तिसरं डाउन कायमचं माझं. मोसमभर. मला जे हवं होतं, ते अगदी तसंच्या तसं मिळालं.

काल तो माझ्या कपाटापाशी आला. 'आजोबा' म्हणाला नाही. म्हणाला, "सर, तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी तुमचं नाव घालवलं." आणि रडला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, दादा. मी काय केलं? त्याची पाठ थोपटली. "होतं असं," म्हणालो. होतं असं!

त्या वेळी तू मला का सांगितलंस, ते मला खरंच हवंय. मी तुझ्यासारखा चांगला का नाही, याचा काही खुलासा तुझ्याकडे असेल तर कळव. तुला काढलं त्या दिवशी मी तुझा निरोपही घेतला नव्हता. टीव्हीवाल्यांना मुलाखत देत होतो. खिडकीतून तुझी गाडी जाताना बघितली आणि बोलत राहिलो. ते आजच लिहून टाकतो, पुन्हा धीर होणार नाही.

लमॉन्ट


टोलेडो
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पोस्टकार्ड तीन तारखेला मिळालं. पाठ झालंय, तरी तुझे शब्द तुलाच लिहून दाखवतो, म्हणजे मी नीट वाचलं याची तुला खात्री पटेल:

"लमॉन्ट, तू मला देव करून बसलायस, ते बंद कर. तुझा हात मला जुलैमध्येच दिसला होता. पाच सामने गप्प होतो. चौथ्यात तुझ्या बरगड्या मोडल्या तेव्हाही. सांगितलं, कारण लोरेननं घरात माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मला उशीर झाला. तुला अजून झालेला नाही. हॉलिस."

वाचून आधी संताप आला. त्या दोन बरगड्या थंडीत अजून ठणकतात. तेव्हा मी आठवडेच्या आठवडे उताणा झोपलो होतो आणि घरून उशी आणून माझ्या पाठीखाली सारली कुणी? तूच! मी तेव्हा योलांडाला म्हणालो होतो की असा माणूस जगात नाही. पोस्टकार्ड मी भिंतीकडे भिरकावलं. नायानं ते उचललं आणि त्यावरच्या चित्रातल्या पाण्याच्या टाकीला पेनानं डोळे काढले. मग मला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. सात वर्षं मी तुझ्याइतका मोठा होऊ शकलो नाही म्हणून तुझ्यापासून तोंड लपवत होतो, आणि तू तिकडे माझ्यापासून.

आदल्याच दिवशी, दोन तारखेला, मी सगळी तिसरी डाउन खेळलो होतो. ग्रेडीला कुणी बोटही लावू शकलं नाही. लोकांनी उभं राहून माझ्या नावाचा गजर केला, किती वर्षांनी. जमारी बाकावर बसून टाळ्या वाजवत होता.

बुधवारी सकाळी त्याला चित्रफितींच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "निककडे बघू नकोस, चेंडूकडे बघू नकोस. फक्त तुझा डावा पाय बघ."

"बघतोय की."

"पुन्हा बघ."

तिसऱ्या फितीपर्यंत त्याला काही दिसलं नाही. चौथ्या वेळी मी थांबवायच्या आत तो खुर्चीतून उठला, पडद्याजवळ गेला आणि स्वतःच्या टाचेवर बोट ठेवलं. मग तसाच बोलला. पाठमोरा.

"हे तुम्हाला कधी दिसलं?"

"ऑगस्टमध्ये."

"रविवारी नाही?"

"ऑगस्टमध्ये, जमारी."

तो वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "कोचनी विचारलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, स्वच्छ आहे. मी त्या दिवशी आईला फोन केला होता. सांगितलं, लमॉन्ट प्रुइट सगळ्यांसमोर म्हणाले, माझं उभं राहणं स्वच्छ आहे. तिनं ते चर्चमध्ये सांगितलं."

मी म्हणालो, "तुला जमलं असतं तर मला घरी जावं लागलं असतं. मी घाबरलो." एवढंच खरं होतं आणि ते फार थोडं होतं.

तो बसला. तोंडावरून हात फिरवला. "आता शिकवा मला. सगळं. पण जेवायला माझ्या टेबलावर बसू नका."

तीन दिवस शिकवलं. टाच वर ठेवायची असं नुसतं सांगून भागत नाही, तुला माहीत आहे. शरीर चहाडी करतंच, दुसरीकडून करतं. म्हणून प्रत्येक वेळी चवडा वळवायला लावला, पळायचं असलं तरी, वाचवायचं असलं तरी, उजवीकडे आणि डावीकडे, मनाला येईल तसा. म्हणजे समोरचा पायाकडे बघून मूर्ख बनेल. पोरगं कामापुरतं बोलायचं. "इथे?" "असं?" "पुन्हा." शुक्रवारी नवख्यानं सगळ्यांसाठी डोनट आणायची ती रीत अजून आहे आणि सर्वांत जुन्या माणसानं पहिला उचलायचा. खोका माझ्यापुढे आला. त्यानं रीत मोडली नाही, फक्त भिंतीकडे बघत खोका धरून उभा राहिला. मी साधा, बिनसाखरेचा उचलला आणि तो संपता संपेना.

त्याच दिवशी बर्डिनकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोराला सांगितलंस, सुधारलंस, संपलं. मला कशाला सांगतोयस?"

"कारण निकच्या हाडाचा बोल त्याला लागतोय, कोच. तो माझा आहे."

"हे वर कळलं तर तुझं काय होईल माहितेय ना?"

"माहितेय."

ते कपाळ चोळत म्हणाले, "रविवारपर्यंत तोंड बंद ठेव. आणि लमॉन्ट, तू निव्वळ गाढव आहेस." नावानं हाक मारली म्हणून मला ते गोड लागलं.

रविवारी पहिल्याच तिसऱ्या डाउनला जमारी आत राहिला. मी शिरस्त्राण काखेत धरून कडेला उभा. समोरच्या लाइनबॅकरनं पायाकडे बघितलं, मला स्पष्ट दिसलं. चवडा डावीकडे. तो उजवीकडून सुसाट आला आणि जमारी तिथेच उभा होता, गुडघे वाकवून, छाती उघडी टाकून. त्या धडकेचा आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला असेल. ग्रेडीनं शांतपणे चेंडू फेकला. बाकावर सगळे नाचत होते आणि मीही नाचलो. खरंच नाचलो, दादा. त्या क्षणी मला पुढचं काही आठवलं नाही. ते सगळं नंतर, अंघोळ करताना आठवलं.

सोमवारी सकाळी सामानवाला म्हातारा आला. मान खाली. "तुला वर बोलावलंय. प्लेबुक घेऊन ये." हल्ली डावपेचांची ती वही टॅबलेटमध्ये असते, पण काढून टाकायचं वाक्य तेच. आठ वर्षांत मी ते इतरांना म्हणताना किती वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी बुटाची नाडी बांधायला वाकलो. वर फारसं बोलणं झालं नाही. बर्डिननी सगळं सांगितलं होतं, माझ्या परवानगीनं. वृत्तपत्रात एक छोटी बातमी आली. लोकांनी जमारीची माफी वगैरे मागितली नाही, नुसती त्याच्या नावाची आरोळी परत सुरू केली. गावाचं असंच असतं. निकला भेटायला घरी गेलो. त्यानं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्याला दोष देत नाही.

कपाट रिकामं करताना जमारी आला नाही. मीही तुझ्या वेळी आलो नव्हतो, तेव्हा ते हिशेबातच होतं. तरी बूट पिशवीत भरायला मी जरा जास्त वेळ लावला.

आता कालचं सांगतो, म्हणूनच आज लिहायला बसलो. संध्याकाळी जेवायला बसलो होतो. फोन नायानं उचलला. "बाबा, कुणी जमारी आहे." योलांडानं माझ्याकडे बघितलं आणि नायाला दुसऱ्या खोलीत नेलं.

त्यानं 'कसे आहात' विचारलं नाही. म्हणाला, "मेम्फिसवाले तिसऱ्या डाउनला एकाच बाजूनं दोघांना पाठवतात. मी कुणाला घ्यायचं?"

"आतल्याला. बाहेरचा ग्रेडीला दिसतो, आतला दिसत नाही."

"आणि आतला थांबला, नुसता भास दिला तर?"

सांगितलं. मग त्यानं आणखी विचारलं, मग आणखी. ताट गार झालं. पावसात चेंडू ओला असला की पाय कसे रोवायचे, समोरचा डोकं खाली घालून आला तर हात कुठे लावायचे, दमलास हे खांद्यांवरून कळू द्यायचं नाही ते कसं. जे तू दिलं होतंस तेही आणि जे मी आठ वर्षांत मार खाऊन मिळवलं तेही. तो लिहून घेत होता, पेनाचा आवाज येत होता.

शेवटी पेनाचा आवाज थांबला. मग म्हणाला, "अजून काही?"

साधाच प्रश्न. पण त्यानं तो कसा विचारला, ते मला लिहिता येत नाही. मी डोळे मिटून ऑगस्टपासून सगळं आठवलं, एकेक दिवस, एकेक फीत, कुठे काही राहून गेलंय का ते पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "आता माझ्याकडे काही उरलं नाही."

तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

तुझ्यानंतरचा, त्याच्या आधीचा,
लमॉन्ट